खुंटीवरचे चार फूट

घरात रस्त्याचा इंजिनियर असला की बाकीच्यांचा गाडीतला प्रवास सुखाचा होत नाही. इथे उतार चुकलाय, तिथे पाणी साचणार, ह्या वळणावर कुणीतरी जाणार एक दिवस, असं माझं अखंड चालू असतं. कॅनडाच्या उत्तरेत मी जवळजवळ चाळीस वर्षं रस्ते बांधले, दुरुस्त केले, आणि दुसऱ्याच्या चुका काढण्यात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. सस्काटूनच्या आमच्या मराठी मंडळात मला रस्तेवाले काका म्हणतात. संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ हातात ठेवून मुलं विचारतात, काका, ड्राइव्हवेला क्रॅक पडलाय, काय करू? मी सांगतो. मला मोठेपणा आवडतो, खोटं कशाला बोला.

ती मुलगी मंडळातूनच ओळखीची झाली. नागपूरची, इथल्या युनिव्हर्सिटीत सॉइल्समध्ये मास्टर्स करून एका कन्सल्टिंग कंपनीत लागलेली. २०१७ च्या जूनमधल्या एका रविवारी ती लॅपटॉप घेऊन घरी आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "काका, मला अलास्का हायवेचं एक सेक्शन मिळालंय, रिकन्स्ट्रक्शनचं. आणि जुन्या फाइलमध्ये कुणाची सही सापडली सांगा. तुमची! आय वॉज सो एक्सायटेड."

मी हसलो. बायकोला पोहे टाकायला सांगितले.

हा रस्ता साधा नव्हे. दुसऱ्या महायुद्धात अलास्कावर हल्ला होईल ह्या धास्तीने अमेरिकेच्या लष्कराने तो कॅनडाच्या विरळ वस्तीच्या जंगलातून काढला. सुमारे दीड हजार मैल, आणि तेही एका उन्हाळ्यापासून पुढच्या थंडीपर्यंत. नकाशा धड नव्हता. सैनिकांतले पुष्कळसे काळे होते, दक्षिणेतल्या उष्ण मुलखातून आणून उणे चाळीसमध्ये तंबूत ठेवलेले. त्यांना तिथल्या जमिनीचं काही माहीत नव्हतं, पण त्यांच्या साहेबांनाही नव्हतं. वर हातभर शेवाळ आणि कुजलेला काळा चिखल, आणि खाली उन्हाळ्यातही न वितळणारा बर्फ. त्यांनी नेहमीप्रमाणे आधी वरची घाण खरवडून काढली. उन्हाने खालचा बर्फ वितळला आणि रस्त्याची पेज झाली. ट्रक दरवाजांपर्यंत रुतले. मग त्यांच्या ध्यानात आलं की ते शेवाळ घाण नाही, ती बर्फावरची गोधडी आहे. ती ओढायची नाही. तिच्यावर झाडांचे ओंडके आडवे, एकाला एक चिकटवून घालायचे, आणि त्यावर खडी.

मुलीने हे सगळं मला लॅपटॉपवरून वाचून दाखवलं. रस्त्याला पंचाहत्तर वर्षं होत होती म्हणून कडेला ठिकठिकाणी माहितीचे फलक लागणार होते, आणि तिच्या सेक्शनमधल्या फलकाचा मजकूर तिने लिहिला होता. छान लिहिला होता. शेवटचा परिच्छेद असा होता: सैनिकांनी शिकलेला हा धडा पुढे विसरला गेला. सत्तरच्या दशकात एका डोझर ऑपरेटरने सांगितल्यापेक्षा जास्त खोल खणलं, सैनिकांचे ओंडके आणि शेवाळ काढून टाकलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात रस्ता खचून एक ट्रक उलटला.

"नाव नाही टाकलं हां मी," ती म्हणाली. "पण काका, तो ऑपरेटर अजून आहे! ऐंशीच्या पुढचा. तिथेच राहतो, वस्तीत. फलकाच्या कार्यक्रमाला आम्ही सगळ्या वस्तीला बोलावणार आहोत. टेक्स्ट ऑगस्टएंडला प्रिंटला जाईल. तुम्ही एकदा बघून ओके द्याल? कारण मूळ रिपोर्ट तुमचाच आहे."

वस्ती दीडदोनशे माणसांची. नाव टाकायची गरजच काय होती? मी म्हणालो, "बघतो." बायकोने पोहे आणले. मुलीने दोनदा घेतले.

त्या ऑपरेटरने जास्त खणलं नव्हतं. मी सांगितलं होतं तेवढंच खणलं होतं.

मी तेव्हा तिशीच्या आत होतो, नोकरीत सहा महिने झाले होते आणि प्रोबेशन चालू होतं. त्याआधी तीन वर्षं मराठवाड्यात रस्त्यांवर होतो. तिथे आम्हांला एकच मंत्र पाजलेला होता. काळी माती दगाबाज असते. पावसात फुगते, उन्हात फाटते, वरचा रस्ता घेऊन जाते. तेव्हा काळी माती दिसली की खणून काढा, मुरूम भरा, दाबा, निश्चिंत झोपा. मंत्र खरा होता, त्या मातीपुरता. मी तो विमानात बरोबर घेऊन आलो. इथे रस्त्याच्या कडेला खड्डा करून पाहिलं तर खडीखाली सैनिकांचे ओंडके, आणि ओंडक्यांखाली काळंभोर, ओलं, मऊ. मला वाटलं, ह्या लोकांना कुणी शिकवलंच नाही वाटतं.

साहेबांचा आराखडा साधा होता. वरची फुटलेली खडी एक फूट काढायची, ओंडक्यांना हात लावायचा नाही, नवी खडी घालायची. साहेब दहा दिवस दुसऱ्या कामावर गेले. मी म्हटलं, तीनशे फुटांचा एक तुकडा नीट, शास्त्रशुद्ध करून दाखवावा. परत आले की पाठीवर थाप पडेल. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मी लाकडी खुंट्या ठोकल्या आणि प्रत्येकीवर लाल रंगाने खणायची खोली लिहिली. चार फूट.

डोझर चालवणारा तिथल्याच मूळ लोकांतला होता, माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठा. युद्धाच्या वेळी त्याचा बाप घोडे घेऊन सैनिकांच्या पुढे चालला होता, वाट दाखवत. त्या पहिल्या हिवाळ्यात सैनिकांच्या छावणीतून आलेल्या गोवराने त्याच्या दोन आत्या गेल्या, हे त्याने मला एकदा जेवताना सांगितलं होतं, दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तसं. बोलणं कमी. डोझरचं पातं मात्र असं चालवायचा की मागे पाहिलं तर वाटावं, हाताने सारवलंय. खुंट्या पाहून तो खाली उतरला आणि माझ्याजवळ आला.

"ही चार फूट म्हणतेय," तो म्हणाला.

"हो. चार."

"खाली शेवाळ आहे."

"माहीत आहे. काढायचंच आहे ते."

त्याने खुंटीवरचा आकडा पुन्हा एकदा पाहिला. मग वर चढला आणि खणलं. शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर त्याने आणखी काय करायचं? मी त्या खड्ड्यात उत्तम खडी भरली, रोलर फिरवला. साहेब परत येईतो वरून सगळं सारखं दिसत होतं, आणि मी त्यांना सांगितलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात सांगू, टिकलेलं दाखवून सांगू, असं ठरवलं.

पुढच्या जूनमध्ये ते तीनशे फूट खाली बसले. डिझेलचा एक ट्रक तिरका झाला आणि उलटला. चालकाची मांडी मोडली. साहेब दुसऱ्या दिवशी यायचे होते. कडेच्या खुंट्यांपैकी सहा अजून उभ्या होत्या, रंग जरा उडालेला पण वाचता येणारा. ते यायच्या आधी मी जीप घेऊन गेलो, सहाच्या सहा उपटल्या, आणि कॅम्पच्या शेगडीत जाळल्या. मग फील्ड बुकातलं ते पान फाडून नवीन लिहिलं. खोली एक फूट.

चौकशी बंद खोलीत झाली, चौघांत. साहेबांनी ऑपरेटरला विचारलं, किती खणलंस? तो म्हणाला, चार. खुंटीवर चार होते. साहेबांनी माझी वही पुढे केली. इथे एक आहे. त्याने वहीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी वहीकडे पाहत राहिलो. मला आजही ते पान डोळ्यांसमोर दिसतं, किती नीटनेटकं अक्षर काढलं होतं मी. मग तो म्हणाला, "रंग पुसट झाला असेल. मी चुकीचं वाचलं असेन." वड्याचं तेल वांग्यावर काढतात म्हणतात ते मला पुरतं ठाऊक आहे. माझं वांगं तर स्वतः होऊन पुढे आलं होतं. मी अहवाल लिहिला, सही केली. त्याला डोझरवरून उतरवलं. त्या शरद ऋतूत माझी बदली झाली आणि मला कायम केलं.

फलकाचा मजकूर जुलैभर माझ्या इनबॉक्समध्ये पडून होता. मी तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा पुसलं. एकदा तर "लुक्स गुड" एवढंच लिहून बोट बटणावर ठेवलं होतं. भीती कसली होती ते सांगतो. नोकरी संपलेली, पेन्शन चालू, कोणी माझं काही वाकडं करणार नव्हतं. भीती मंडळाची होती. गणपतीच्या जेवणाच्या रांगेत बायका माझ्याकडे कशा पाहतील ह्याची. सत्तरीच्या माणसाला एवढ्याशा गोष्टीची भीती वाटते ह्याची मला शरम वाटली आणि त्या शरमेने मी घरात सगळ्यांवर खेकसत होतो. टोरोंटोहून मुलाचा फोन आला तर तो म्हणाला, "डॅड, व्हाय आर यू सो क्रॅंकी?" मी त्याच्यावरही ओरडलो.

ऑगस्टच्या मध्यावर बायकोला म्हटलं, चल, उत्तरेत जाऊन येऊ, जुना रस्ता बघू. तिने थेपले केले, लोणचं घेतलं, थर्मास भरला. एडमंटनच्या पुढे पहिला मुक्काम. दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडच्या वणव्यांचा धूर आकाशात होता आणि सूर्य दुपारीच तांबूस दिसत होता. तेव्हा ती म्हणाली, "अहो, दोन दिवस झाले, तुम्ही एकाही रस्त्याला नावं ठेवलेली नाहीत. काय झालंय?"

मी गाडी कडेला घेतली आणि सांगितलं. सगळं सांगितलं, खुंट्या जाळल्या तेही. लग्नाला पंचेचाळीस वर्षं होत आली होती, आणि हे ती पहिल्यांदा ऐकत होती.

ती रडली नाही, ओरडलीही नाही. समोर बघत म्हणाली, "त्याच्या बायकोने मला पहिल्या हिवाळ्यात हातमोजे शिवून दिले होते. मूझ हरणाच्या कातड्याचे. मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी नाही. माझा हात हातात घेऊन तिने माप घेतलं होतं." मग म्हणाली, "ते हातमोजे घालून मी तुमच्यासाठी बर्फ शोव्हल करत होते. आणि तुम्ही तिकडे हे करत होता."

मी म्हटलं, "मी त्या मुलीला लिहून टाकतो. आजच."

"आधी त्याला सांगा," ती म्हणाली. "त्याला फलकावरून कळायला नको."

पुढचे दोनशे मैल मी गाडी चालवत राहिलो. भूक लागली तेव्हा तिने थेपला गुंडाळून माझ्या हातात दिला, एवढंच.

वस्ती रस्त्यापासून आत होती. पेट्रोल पंपावर विचारलं, घर लगेच सापडलं. तो अंगणात लाकडं रचत होता. खूप बारीक झाला होता, पण ढीग तसाच, एकही ओंडका पुढेमागे नाही. पन्नाशीची एक बाई पायरीवर बसून बेरी निवडत होती, त्याची मुलगी. बायको तिच्याशेजारी जाऊन बसली. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "खुंट्यांवाला."

मी हात पुढे केला. त्याने हातमोजा काढून हात मिळवला. मग मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. येताना मनात वाक्यं जुळवली होती, माझी परिस्थिती, प्रोबेशन, मराठवाड्याची काळी माती, सगळं. त्यातलं काही सांगितलं नाही, कारण त्याच्यासमोर ते सगळं फारच हलकं वाटायला लागलं. मी म्हटलं, खुंट्यांवर मी चार लिहिले होते. मीच त्या जाळल्या. वहीत एक नंतर लिहिलं. तू बरोबर खणलंस.

तो लाकडं रचत राहिला. एक ओंडका ठेवला, दुसरा ठेवला. तिसरा हातात घेऊन थांबला.

"सगळ्या खुंट्यांवर?"

"सगळ्या."

"चार."

"चार. त्याहून एक इंच जास्त खणलं नव्हतंस."

त्याने तो ओंडका पुन्हा खाली ठेवला आणि ढिगाला टेकून बसला. मी म्हटलं, तुझी नोकरी माझ्यामुळे गेली. तो नाही म्हणाला.

"त्यांनी एकाच मोसमासाठी उतरवलं होतं. वसंतात परत बोलावलं," तो म्हणाला. "मी गेलो नाही."

"का?"

"आधी शहरात जाऊन डोळे तपासून घेतले. तीनशे मैल गेलो. डॉक्टर म्हणाला, डोळे चांगले आहेत, चष्मा नको. मग मी म्हटलं, डोळे नाहीत तर डोकं आहे. एकाचे चार वाचणाऱ्या माणसाने मशीनवर बसू नये. खाली माणसं चालतात."

तो पुढे पंपावर पेट्रोल भरत राहिला. चाळीस वर्षं मी समजून होतो की मी त्याची नोकरी घेतली. तेवढ्याच पापाचा हिशेब मनात धरून होतो आणि त्यातही कधी कधी स्वतःला सवलत देत होतो, की नोकऱ्या काय, येतात जातात. त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास मी घेतलाय, हे माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. मी तिथेच जमिनीवर बसलो.

मी म्हटलं, मी फलकावर खरं लिहायला लावीन. माझं नाव घालून. कार्यक्रमाला येऊन सगळ्यांसमोर सांगीन.

"फलकाचं तुझं तू बघ," तो म्हणाला. "आत्ता माझ्या मुलीला सांग."

मुलगी पायरीवरून ऐकतच होती, पण मी उठून तिच्यासमोर गेलो आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. बायकोने मान वर केली नाही, तिच्या मांडीवर बेऱ्यांचं भांडं होतं. माझं सांगून झाल्यावर मुलगी बापाकडे वळली.

"आई असती तर..." ती म्हणाली.

तोच म्हणाला, ढिगापाशी बसल्या बसल्या, लाकडांकडे बघत. "डोक्याला मी दोष दिला, तरी मला कायम चारच आठवत होते. रंगसुद्धा आठवत होता, लाल. मी बायकोला सांगायचो, चार होते. पहिली काही वर्षं तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, आता पुरे, चुकलं तर चुकलं म्हण, स्वतःला वाचवायला किती दिवस खोटं बोलशील. दोन वर्षांपूर्वी गेली ती."

मी माफी मागितली. त्याने ती ऐकली की नाही मला माहीत नाही.

"तिने तसं म्हटल्यापासून मी चार म्हणणं सोडलं," तो म्हणाला. "मलाही वाटायला लागलं होतं, मी खोटारडा आहे."